शाळेत न गेलेल्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला

बारा-तेरा वर्षांपूर्वीचा जून. बाहेर पाऊस कोसळत होता आणि महाविद्यालयाच्या हॉलमध्ये आम्ही प्रवेशाची टेबले मांडून बसलो होतो. दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग, पोरांच्या हातात प्लास्टिकच्या पिशव्यांत जपून आणलेल्या मार्कलिस्ट. गोव्यातल्या सत्तरी तालुक्याकडचा एक कुळागरवाला, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेचा मालक, मुलीला घेऊन माझ्या टेबलासमोर आला. मुलीला बी.एस्सी.ला जायचे होते. मार्कलिस्ट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे सगळे जिला एनआयओएस म्हणतात तिची. गुण आमच्या यादीत सहज बसत होते.

“बाय, हायर सेकंडरी कुठली तुझी?” मी विचारले.

“मी शाळेत गेलेच नाही, सर. घरीच शिकले.”

तिने पिशवीतून एक जाड वही काढून माझ्यापुढे ठेवली. कुळागरातल्या विहिरीची पाण्याची पातळी आणि अंगणातल्या मापाने मोजलेला पाऊस, अशा चार वर्षांच्या नोंदी होत्या तिच्यात. तारखेवार. मध्ये मध्ये हाताने काढलेले आलेख, आणि एका पानावर तिला पडलेला प्रश्न: पाऊस थांबल्यावरही विहीर कितीतरी दिवस का चढत राहते? मी वही दोन मिनिटे चाळली. मागे रांग होती. मग मी शाळा सोडल्याचा दाखला मागितला आणि मुख्याध्यापकांच्या सहीचा चारित्र्याचा दाखलाही मागितला. तिच्याकडे दोन्ही नव्हते, असणार तरी कुठून? “आणून द्या, मग बघू,” असे मी त्यांना सांगितले. बापलेक आणखी दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा जागा भरल्या होत्या. नकाराच्या कागदावर सही माझी होती.

कितीतरी वर्षांनी मला कळले की एनआयओएस आपल्या उत्तीर्ण विद्यार्थ्याला मार्कलिस्टबरोबर स्थलांतर आणि बदली असा एकत्रित दाखला देते. तो कागद त्या दिवशी तिच्या फाईलमध्ये होता. मी तो हातात घेतला होता आणि त्यावर शाळेचा शिक्का नाही म्हणून बाजूला ठेवला होता. नियमाने आम्ही मागत होतो ते तिच्याजवळ होते. नव्हती ती फक्त शाळा.

हा लेख त्या सहीसाठी लिहितो आहे. घरी शिकलेल्या मुलाला महाविद्यालयात यायचे असेल तर त्याला काय येते ते आपण तपासावे, ते कुठे बसून शिकले याचा पुरावा मागू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. ऐकायला साधे वाटते. प्रवेशाच्या टेबलावर मात्र ते अजूनही टिकत नाही.

गोव्यात घरी शिकणारी मुले म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे आसगाव-हणजूणकडे येऊन राहिलेली परप्रांतीय, नाहीतर परदेशी कुटुंबे येतात. तशी ती आहेतही. पण इतकी वर्षे शिकवताना मला भेटलेली मुले वेगळी होती. एकाला लहानपणी दीर्घ आजार झाला आणि शाळेची साखळी तुटली ती तुटलीच. एका मुलाला अक्षरे उलटी दिसत, वर्गात त्याला रोज मठ्ठ म्हणवून घ्यावे लागे, म्हणून आईने नोकरी सोडून त्याला घरी बसवले आणि वाचायला शिकवले. एक मुलगी गाणे शिकायला गुरूकडे राहायची. आणि काही आईबाप असेही होते की ज्यांनी विचार करून, खर्च सोसून, नातेवाइकांची बोलणी खाऊन मुलांना घरी शिकवायचे ठरवले. या सगळ्यांना आपण एकाच शब्दात ‘शाळाबाह्य’ म्हणून मोकळे होतो.

वास्तविक घरी शिकणे गोव्याला नवे नाही. पोर्तुगीज अमदानीत सरकारी शाळा पोर्तुगीज भाषेच्या. मराठी शिकायचे तर शेणवीमाम, म्हणजे गावात मुलांना शिकवणारा खासगी मास्तर, हाच आधार. देवळाच्या अग्रशाळेत किंवा कोणाच्या ओसरीवर मुले जमायची, धुळपाटीवर अक्षरे गिरवायची, पाढे घोकायची, मोडी वाचायला शिकायची. त्या शिक्षणावर सरकारचा शिक्का नव्हता. मॅट्रिक व्हायचे तर घाट चढून बेळगाव-धारवाड, नाहीतर मुंबई-पुणे गाठावे लागे. आज गोव्यात मराठी वाचले-लिहिले जाते त्यात त्या बिनशिक्क्याच्या शाळांचा वाटा फार मोठा आहे.

धर्मानंद कोसंबींचे उदाहरण घ्या. १८७६ साली साखवाळला जन्म. शालेय शिक्षण जेमतेम, घरची नारळीची बागायत सांभाळता सांभाळता मिळेल ते मराठी वाचन. बुद्धाविषयी थोडेफार वाचायला मिळाले आणि त्या ओढीने १८९९ च्या अखेरीस हा माणूस घर सोडून निघाला. पुण्यात संस्कृतची सुरुवात, पुढे काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत, मग नेपाळ, मग सिलोनला जाऊन पाली. त्यांच्याजवळ ना मॅट्रिकचा कागद ना पदवीचा. तरी कलकत्ता विद्यापीठाने त्यांना पाली शिकवायला घेतले. १९१० साली ते हार्वर्डला गेले ते ‘विसुद्धिमग्गा’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी. आणि १९१२ ते १९१८ अशी सहा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली. ज्या दारातून ते विद्यार्थी म्हणून आत जाऊ शकले नसते, त्या दारातून ते प्राध्यापक म्हणून गेले. त्यांना ज्यांनी घेतले त्यांनी एकच गोष्ट पाहिली: या माणसाला पाली येते की नाही. आणखी एक नाव सत्तरीतल्याच आंबेडे गावचे, महादेवशास्त्री जोशी. वेदपाठशाळेत शिकलेल्या या माणसाने भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड संपादित केले.

ही नावे सांगताना माझा हात जरा आखडतो, त्याचे कारण सांगायला हवे. शेणवीमामाच्या ओसरीवर सगळ्यांची मुले बसत नसत. मुली क्वचित. गावकुसाबाहेरचे तर कोणी नाहीच. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळा उघडल्या तेव्हा ज्यांच्या सात पिढ्यांनी पाटी पाहिली नव्हती त्यांची मुले पहिल्यांदा अक्षरे गिरवू लागली. माझे घर त्यातलेच. माझ्या वडिलांना सही करता येत नव्हती. म्हणून शाळेवर माझा राग नाही. शाळेने मला माणसात आणले. घरी शिकणे हे शाळेपेक्षा श्रेष्ठ, असे कोणी म्हणू लागले तर मी त्याच्या विरुद्ध बाजूला उभा राहीन. पण ज्याचे शिक्षण दुसऱ्या वाटेने झाले त्याला पुढचे दार बंद करणे, हे शाळेवरच्या प्रेमाचे लक्षण नव्हे.

कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शेजारच्या शाळेत मोफत व सक्तीचे शिक्षण, आणि मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य, असे त्यात लिहिले आहे. घरच्या शिक्षणाला त्याने मान्यता दिलेली नाही. पण कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा किंवा दंडही त्या कायद्यात नाही. मान्यता नसताना शाळा चालवणाऱ्याला मात्र दंड आहे. म्हणजे घरी शिकवणारे कुटुंब ना कायद्याच्या आत, ना बाहेर, उंबरठ्यावर.

याच कायद्याचे पाचवे कलम मी प्रत्येक प्रवेश समितीच्या टेबलावर चिकटवून ठेवले असते. एका शाळेतून दुसरीकडे जाणाऱ्या मुलाचा बदलीचा दाखला यायला उशीर झाला, तर त्या कारणाने त्याचा प्रवेश लांबवता येत नाही किंवा नाकारता येत नाही, असे ते स्पष्ट सांगते. चौदाव्या कलमात वयाच्या दाखल्याबद्दलही तसेच. संसदेने दहा वर्षांच्या मुलाबाबत सांगितले की कागदासाठी मूल अडवू नका. तेच मूल अठरा वर्षांचे झाले की आम्ही कागदासाठी त्याला अडवतो. हा कायदा महाविद्यालयांना लागू नाही हे मला ठाऊक आहे. पण त्यामागचा विचार वयाच्या चौदाव्या वाढदिवशी संपतो काय?

आता एनआयओएसबद्दल, कारण घरी शिकणाऱ्या बहुतेक मुलांची वाट तिथूनच जाते. १९८९ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय मुक्त विद्यालय सुरू केले, २००२ पासून तिचे आजचे नाव आहे. दहावीसाठी वयाची चौदा वर्षे पूर्ण हवीत, बारावीसाठी पंधरा. किमान पाच विषय, त्यांत निदान एक भाषा. पदार्थविज्ञानाबरोबर चित्रकला घेता येते, जे आपल्या विज्ञान शाखेच्या मुलाला सहसा मिळत नाही. नोंदणी पाच वर्षे चालते आणि तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. वर्षातून दोन सार्वजनिक परीक्षा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे स्तरही आहेत, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात त्यांचा उल्लेख आहे. महाराष्ट्रात १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसणारी मुले जशी परिचयाची, तशीच ही समजा, फक्त व्यवस्था देशभराची.

पण लोकांच्या मनात तो ‘नापासांचा बोर्ड’. नऊ संधी म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते मी शिक्षक-कक्षात शेकडो वेळा पाहिले आहे. हा समज किती खोलवर गेला होता ते वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात दिसले. २०१८ साली नियमात बदल करून मुक्त विद्यालयातून आणि खासगीरीत्या बारावी झालेल्यांना ‘नीट’ या प्रवेश परीक्षेलाच अपात्र ठरवण्यात आले. म्हणजे परीक्षा देऊन गुण मिळवा आणि मग बघू, असेही नाही; बसूच नका. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. तरी प्रश्न रेंगाळत राहिला आणि मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो मिटला: मान्यताप्राप्त मुक्त शाळांचे विद्यार्थी नीटला पात्र. सहा वर्षे! या सहा वर्षांत किती मुलांचे वय निघून गेले असेल.

आयआयटीच्या प्रवेशात ही अडचण पूर्वीपासूनच नाही. ग्राह्य परीक्षांच्या यादीत एनआयओएसची किमान पाच विषयांची बारावी नावानिशी आहे. आमच्या गोव्याची आयआयटी २०१६ पासून फर्मागुडीच्या पठारावर, अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात भरते. देशातली सर्वांत कठीण मानली जाणारी प्रवेश परीक्षा ज्या कागदावर देता येते, तो कागद साध्या बी.ए.-बी.एस्सी.च्या टेबलावर संशयाने उलटसुलट करून पाहिला जातो. हा दोष कुठल्या कायद्याचा नाही, आमच्या सवयीचा आहे.

सवयीखेरीज वेळापत्रकही आड येते, आणि त्याकडे कोणाचे लक्षच नाही. गोवा बोर्डाचा बारावीचा निकाल अलीकडे एप्रिलच्या आसपास लागतो, कधी त्याआधीही. महाविद्यालयांची प्रवेशाची धावपळ तेव्हाच सुरू होते. एनआयओएसच्या एप्रिल-मे परीक्षेचा निकाल येतो जूनमध्ये. तोवर चांगल्या विषयांच्या जागा संपलेल्या असतात. जाणते पालक म्हणून मुलाला आदल्या ऑक्टोबरात परीक्षेला बसवतात. ज्यांना हे कोणी सांगत नाही त्यांचे वर्ष जाते. त्यानंतर गोवा बोर्डाबाहेरून आलेल्यांना लागणारे विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र. व्यावसायिक अभ्यासक्रम हवा तर वास्तव्याच्या दाखल्यासाठी मामलेदार कचेरी. आणि इथेच राहतो हे सिद्ध करायला बहुतेक जण शाळेचेच कागद पुढे करतात! जन्मापासून गावाबाहेर न गेलेल्या मुलाला मी गोव्यातच वाढलो हे दाखवणे जड जाते, कारण त्याची हजेरी कुठल्या पटावर नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग एनआयओएसची बारावी द्या, विषय मिटला. बहुतेकांसाठी मिटतो, हे मी मान्य करतो. दहावी-बारावी असा बाहेरच्या परीक्षकाने तपासलेला कागद मुलाच्या हाती असावा असेच मी पालकांना सांगतो. निव्वळ ‘आमचे मूल हुशार आहे’ एवढ्यावर कोणी दार उघडणार नाही, आणि उघडू नये.

तरी एक जागा उरते. २०१६ साली मुंबईची एक मुलगी अमेरिकेतल्या एमआयटीत गेली ती बातमी अनेकांना आठवत असेल. सातवीनंतर तिने शाळा सोडली होती, घरी राहून गणित आणि प्रोग्रॅमिंग शिकली होती. संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये भारतासाठी तीन पदके आणली. बारावी नाही म्हणून आयआयटीचे दार तिला बंद होते. एमआयटी प्रवेशासाठी शाळेचे प्रमाणपत्र मागतच नाही. पण मला या कथेतला मधला भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, ज्याबद्दल बोलले गेले कमी: बाहेरगावी जाण्याआधी तिला चेन्नईच्या मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने थेट एम.एस्सी.च्या वर्गात बसवले होते, कारण तिचे ज्ञान पदवीच्या पातळीचे आहे हे तिथल्या गणितज्ञांनी पारखले. म्हणजे भारतात हे होऊ शकते. त्यासाठी बोस्टनला जावे लागत नाही. समोर बसवून प्रश्न विचारणारा आणि उत्तर समजणारा शिक्षक लागतो. तसे शिक्षक ताळगाव पठारावरच्या आमच्या विद्यापीठात आहेत, मी त्यांच्यातल्या कित्येकांबरोबर परीक्षेच्या कामाला बसलो आहे.

म्हणून माझी मागणी अशी की गोवा विद्यापीठाने दर वर्षी अशा विद्यार्थ्यांसाठी स्वतःची एक लेखी परीक्षा आणि तोंडी चाचणी ठेवावी, आणि त्यात मुलाने प्रत्यक्ष केलेले काम पाहावे: वही, प्रयोग, गाणे, चित्रे, जे असेल ते. सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुले येतील. गोव्यात बारावीला बसणारी मुलेच अठरा हजारांच्या आसपास. एवढ्या लहान राज्यात दोन दिवसांत हे काम आटोपेल. मोठ्या राज्यांना जे पेलणार नाही ते आपण सहज करून दाखवू शकतो.

एक आक्षेप मात्र मी कधीच हलक्याने घेत नाही. प्राथमिक शिक्षिका असलेल्या माझ्या बहिणीने तो मला सुनावला. “दादा, तू कुळागरवाल्याच्या मुलीचे सांगतोस. मी पाहते त्या मुली धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी बसवलेल्या असतात. त्यांचे आईबापही उद्या म्हणतील, आम्ही घरी शिकवतो.” बांधकामावरच्या मजुरांची मुले, बाजारात टेबल पुसणारी मुले, वयात येताच घरात कोंडलेल्या मुली, ‘घरचे शिक्षण’ या शब्दाआड हे सगळे लपू शकते. मी त्यावर खूप विचार केला. माझ्या मते महाविद्यालयाचे दार बंद ठेवल्याने यातली एकही मुलगी शाळेत परत येत नाही. उलट घरी शिकणारी कुटुंबे अंगचोरपणे राहतात, नोंद करत नाहीत, कारण नोंद केली तर नोटीस येईल आणि न केली तर निदान शांतता मिळेल. पुढे दार आहे असे दिसले तर खरोखर शिकवणारे आईबाप आपणहून तिसरी-पाचवी-आठवीच्या स्तरांना मुलांना बसवतील. मग जे कुठेच बसवत नाहीत ते उठून दिसतील, आणि माझ्या बहिणीला त्यांच्या दारी जायला आधार मिळेल. बहिणीला हे पुरते पटलेले नाही. ती म्हणते, आधी तपासणी, मग दार. तिच्या अनुभवापुढे मी वाद घालत नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी का करू नयेत, याचे उत्तर तिच्याकडेही नाही.

‘घरी वाढलेली मुले चारचौघांत मिसळत नाहीत’ या नेहमीच्या वाक्यावर मी वेळ घालवणार नाही. माझ्या वर्गात शाळेतून आलेली, तीन वर्षे तोंड न उघडता गेलेली मुले पुष्कळ होती.

परीक्षा आणि तोंडी चाचणी सुरू व्हायला विद्यापीठाच्या समित्या, ठराव, अध्यादेश असे सगळे होऊ दे, वर्ष-दोन वर्षे जातील. पण काही गोष्टींना ठरावही लागत नाही. एनआयओएसच्या निकालाची वाट पाहणाऱ्यांना तात्पुरता प्रवेश द्यावा आणि प्रत्येक विषयात एखाददुसरी जागा जूनअखेरपर्यंत राखून ठेवावी. चारित्र्याचा दाखला मुख्याध्यापकाऐवजी मुलाला ओळखणाऱ्या कोणत्याही जबाबदार माणसाचा चालावा. गावचा डॉक्टर, ग्रंथपाल, पंचायत सदस्य, गाण्याचे गुरुजी. आणि प्रॉस्पेक्टसमध्ये जोडावयाच्या कागदपत्रांची जी यादी असते, तिच्यात ‘शाळा सोडल्याचा दाखला’ या ओळीपुढे ‘लागू असल्यास’ हे दोन शब्द घालावेत. पुढच्या वर्षाचे प्रॉस्पेक्टस छपाईला जायला अजून अवकाश आहे. माझ्या जुन्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना मी तसे पत्र दिले आहे. पत्राबरोबर त्या मुलीच्या वहीतल्या एका आलेखाची नक्कल जोडली आहे. तिच्या वडिलांनी ती वही अजून जपून ठेवली आहे. शोधत गेलो तेव्हा त्यांनी काही न बोलता ती माझ्या हातात दिली.